दिशोची सासू

१९ ऑगस्ट

परत आलो आणि पहिलं काय कानावर पडलं? दिशो! होडीतून पाय खाली टाकायच्या आत धक्क्यावरून ओरडला — "आला रे आला, माझा मेव्हणा आला! रानरेड्यांच्या मागे फिरून फिरून तसाच दिसायला लागला की!" सगळे हसले. बोनोलोसुद्धा! इतके महिने नवरा जंगलात होता, आणि बायकोचं पहिलं हसू गेलं ते दिशोच्या विनोदाला.

मीही हसलो. हसावंच लागतं, आतेभाऊ आहे ना. आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची आणि कुणी चिडायचं नाही, चिडला तो हलका. माझ्या बहिणीशी त्याचं लग्नबिग्न काही झालेलं नाही, तरी मला 'मेव्हण्या' म्हणायचा त्याला हक्क. हक्क मलाही आहे. पण मला वेळेवर सुचत नाही. मला सुचतं ते अंथरुणाला पाठ टेकल्यावर.

शिकारीचा हंगाम उरकला. यंदाच्या अमेरिकन पाहुण्याला रेडा मिळाला तो माझ्यामुळे. माग मी काढला, अगदी कोरड्या खडकावरून. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा माझा भाचा!" छाती फुगली होती माझी. इथं आल्यावर कुणी विचारलंसुद्धा नाही. बाबा म्हणाले, "तुझा मामा बरा आहे ना?" बस्स. आणि दिशोला हाक मारली — "भाच्या, ते इंजिन बघ जरा."

२० ऑगस्ट

कूबसने सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. कूबस म्हणजे लॉजचा मालक, मॅनेजर, मेकॅनिक, सगळं तोच. गोरा आहे, पण जन्म इथलाच. आमच्या भाषेतल्या शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या देतो. बाबांकडे हात करून म्हणाला, "म्हाताऱ्याचे डोळे गेले आता. पुढच्या वर्षी तो काठावर खुर्ची टाकून बसेल आणि आपल्या सगळ्यांना नावं ठेवेल. पहिली बोट कुणाची, ते तोच सांगेल. हे मांगूर एकदा निघून गेले की."

पहिली बोट! कळायला लागल्यापासून हा शब्द ऐकतोय. पाणी उतरायला लागलं की मांगूर माशांच्या झुंडी वर चढायला निघतात, लव्हाळ्याच्या मुळांशी लपलेली बारकी मासळी खात खात. त्यांच्या मागे वाघमासे. वाघमाशांसाठी जगभरातून माणसं येतात, विमानं बदलत. आणि मांगूर कुठं आहेत ते कळतं एकट्या बाबांना. डोळे मिटून बसतात, कान देतात, हात करतात — आणि बोट तिकडं. बाकीच्या बोटी मागून. सगळं लॉज त्या दोन कानांवर चाललंय.

कूबस बोलत होता तेव्हा सगळे दिशोकडे बघत होते. माझ्याकडे एकानेही बघितलं नाही. मी काय खांब आहे?

२१ ऑगस्ट

आमच्यात बापाचं मुलाला जात नाही, मामाचं भाच्याला जातं. जाळी, होडी, नाव, अक्कल — सगळं. का, तर भाचा आपल्या बहिणीच्या पोटचा, त्यात शंकाच नाही. "आणि मुलगा काय, बायको सांगेल त्याचा!" हे बाबाच हसत हसत सांगतात. माझ्या देखत! मी तोंडावळ्याने त्यांची छापील प्रत आहे, तरी.

मला मिळायचं ते माझ्या मामाकडून. मिळालंयही. माग काढणं, वारा ओळखणं, जखमी जनावराच्या बाजूने कसं जायचं, सगळं त्याने हाताला धरून शिकवलं. त्याची बंदूक पुढेमागे मलाच. मला बघितलं की मामाचा मुलगा थुंकतो. यंदा तर माझं ताट मुद्दाम लाथाडलं त्याने. त्याचं मी काय घोडं मारलंय कोण जाणे! डोकं फिरलंय त्याचं, दुसरं काय.

पण मला मामाचं नको. म्हणजे, हवंय. पण त्याआधी बाबांचं हवंय. लहान होतो तेव्हा बाबा पहाटे होडी काढायचे आणि मी दारात उभा राहायचो. ते दिशोच्या झोपडीवर जाऊन त्याला उठवायचे. माझ्यावरून ओलांडून.

२४ ऑगस्ट

मांगूर निघाले!! आणि ऐकले कुणी? सांगायलाच नको.

बाबा पुढच्या फळीवर, दिशो इंजिनवर. मी तिसऱ्या बोटीत, पाहुण्यांची खाण्याची पेटी सांभाळत. (माग काढणारा माणूस सँडविचं सांभाळतोय!) बाबांनी हात वर केला तसा दिशोने इंजिन बंद केलं. मग दिशो म्हणाला, "मामा, डावीकडं." बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि मान हलवली. म्हणजे बाबांच्या आधी त्याने ऐकलं! वळणाआड गेलो तर पाणी उकळतंय नुसतं, काळ्या पाठी एकमेकींवर चढलेल्या, शेपट्यांची चपचप, लव्हाळ्याच्या शेंड्यांवर बगळ्यांची रांग. श्टाइनर नावाचा जर्मन दातांचा डॉक्टर दरवर्षी येतो, त्याने गळ टाकताच वाघमासा लागला. माशाचे दात बघून त्या डॉक्टरला नेहमी आनंद होतो.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खरं सांगतो, काहीच नाही. वारा, आणि माझंच रक्त कानात वाजत होतं.

परत आल्यावर बाबांनी दिशोच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी पेटी धूत होतो.

२६ ऑगस्ट

आज पुन्हा दिशो. मासे, टाळ्या, फोटो. पुरे!

२९ ऑगस्ट

धीर करून बाबांना विचारलं. ते जाळं विणत होते, डोळ्यांनी नाही, बोटांनी. म्हटलं, "बाबा, मला पण घ्या ना एकदा पुढच्या फळीवर. नुसतं ऐकायला."

"तुला कशाला रे?"

"शिकायला."

बाबांनी सुई थांबवली. "तुझा मामा काय म्हणेल? म्हणेल, माझा तयार भाचा यांनी पळवला. तुला माणूस आहे, मुशोंगो. चांगला माणूस आहे. दिशोला माझ्याशिवाय कोण आहे?"

दिशोला माझ्याशिवाय कोण आहे! अख्खं लॉज आहे, जर्मनी आहे, माझी आई आहे — तिखट तळलेला मासा आधी त्याच्या पानात वाढते. माझी बायको आहे हसायला. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर त्याचं कोण आहे!

हे बोललो नाही. "बरं" म्हणालो. मी नेहमी "बरं" म्हणतो.

बोनोलोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या? कशाला दुखेल?"

"दुखतंय म्हणून तर हात पोटावर ठेवलायस."

ठेवला होता खरा. मी बाहेर निघून गेलो.

१ सप्टेंबर

मला पक्षी बघणाऱ्या बायका मिळाल्या. इंग्लंडच्या, दोघी बहिणी, पांढऱ्या टोप्या, गळ्यात दुर्बिणी. मोकोरोतून, म्हणजे आमच्या लाकडी डोणीतून, काठी मारत, आवाज न करता. काठावरच्या बिळांत तांबडे वेडे राघू उतरलेत, शेकड्यांनी. थोरली रडायलाच लागली. मला म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान!" म्हटलं, हो हो, फारच.

मासेखाऊ घुबड दाखवावं म्हणून उंबराच्या बोळीत शिरलो. ती बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना लव्हाळं, आत गेल्यावर तळं. शिरताना पाणी गढूळ दिसलं. लव्हाळं दोन्हीकडे आडवं पडलेलं, ताजं. चिखलात पाणघोड्याच्या पायाचा ठसा, आणि त्याच्या पोटाशी एक बारका, माझ्या तळहाताएवढा. मादी! बाळंत होऊन कळपातून वेगळी निघून इथं बसलीय. अशी मादी आवाज करत नाही, इशारा देत नाही, सरळ येते. मी काठी उलटी धरली आणि मोकोरो आल्या पावली मागं काढली. बायकांना म्हटलं, घुबड आज घरी नाही.

मामा असता तर म्हणाला असता, शाब्बास. सगळ्यांना सांगायला हवं. संध्याकाळी जेवताना सांगेन.

२ सप्टेंबर

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलं. लिहावं की नको, असं झालं होतं.

शेकोटीपाशी सगळे जेवत होतो. मक्याचा घाटा, कमळाचे कंद घातलेलं मटण. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिशोच बोलायला लागला. "उद्या नाही, परवा जर्मनाला घेऊन उंबराच्या बोळीत जातो. आत तळ्यात मांगूर वाजतायत, मामा. आज लांबून ऐकलं मी." बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मलाही तसं वाटलंच होतं. माझ्यापेक्षा कान चांगला झाला रे तुझा!"

माझ्यापेक्षा! हे शब्द. सगळ्यांसमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सांगायचं होतं ते मी सांगितलं. पण कसं बाहेर पडलं! म्हणालो, "जा की, जरूर जा! तिथं तुझी सासू बाळंत झालीय. चांगली जाडजूड आहे. दर्शन घेऊन ये!"

दिशोने ताट खाली ठेवलं. "माझी सासू? अरे मेव्हण्या, माझी सासू म्हणजे तुझी आई! या वयात? मामा, हे काय ऐकतोय मी? तुम्ही तर म्हणत होता डोळे गेले!"

मग काय विचारता! कूबसच्या नाकातून घाटा आला. आईने हाताने तोंड झाकलं. बाबा खोकेपर्यंत हसले. जन्मात पहिल्यांदा मला वेळेवर काहीतरी सुचलं होतं, आणि तेही त्याने उचलून आपलं केलं.

हसणं ओसरल्यावर एक क्षण होता. म्हणता आलं असतं — ए, थट्टा नाही हां, खरंच मादी आहे आत. बस्स, एवढंच. मी घास घेतला. मग कुणीतरी दुसरा विषय काढला.

पण सांगितलं तर आहे. सगळ्यांच्या देखत सांगितलं. तो काय लहान आहे? नदीचा राजा आहे. कान एवढा चांगला आहे, तर ऐकेल की तिलाही.

उद्या सकाळी धक्क्यावर गाठून नीट सांगेन.

३ सप्टेंबर

नाही गेलो धक्क्यावर. बोट लवकर सुटली.

तिने उलटवली बोट. दिशोचा पाय गेला. जगतोय की नाही माहीत नाही.

५ सप्टेंबर

जिवंत आहे. विमानाने माउनच्या इस्पितळात नेलं. डावा पाय गुडघ्याखाली कापला.

श्टाइनरने सगळं सांगितलं, दहा वेळा. बोळीत शिरले. बाबा नव्हते. बाबांच्या अंगात कणकण होती म्हणून ते घरीच राहिले. (हे मला आज कळलं. बाबा त्या बोटीत असते तर!) दिशोने इंजिन बंद केलं, कान दिला, आणि हसत म्हणाला, "आहेत आत." तेवढ्यात बोट खालून उचलली गेली. पाण्यात पडल्यावर दिशोने श्टाइनरला कॉलरला धरून लव्हाळ्यावर ढकललं. मग स्वतः चढायला लागला. तेव्हा तिने पकडला.

सगळे माझ्याकडे येऊन म्हणतायत, "तू सांगितलं होतंस रे! आम्हीच हसलो." कूबस म्हणाला, "मुशोंगो, चूक आमची. तू बोलला होतास." माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला सगळे चांगला म्हणतायत. कधी नव्हे ते!

मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं मी."

८ सप्टेंबर

दुसरं बोलणं नाही लॉजमध्ये. दिशोने कसं वाचवलं, दिशो कसा वाघ, दिशोचं काळीज केवढं. श्टाइनरने जर्मनीतून बायकोला बोलावलंय, दिशोचे आभार मानायला! इंग्लंडच्या बहिणींनी त्याचं चित्र काढलं. पाय तुटला तरी कौतुक त्याचंच!

मीही त्या दिवशी कुणाला तरी वाचवलं. त्या दोघी म्हाताऱ्यांना. मी काठी उलटी फिरवली म्हणून त्या आज चित्रं काढतायत. ते कुणाला दिसत नाही. ज्याने संकट ओळखून टाळलं त्याला कोण हार घालतो? संकटात उडी मारावी, मग नाव होतं.

किती नीच लिहितोय मी. लिहू दे. इथं तर खरं बोलू.

९ सप्टेंबर

बाबांनी बोलावलं. अंगणात बसले होते, तोंड नदीकडे. दिसत काही नाही, पण बसतात तिकडेच तोंड करून.

"तू त्याला सांगितलं होतंस म्हणे."

"हो बाबा. तुम्ही पण होता की तिथं."

"होतो. काय म्हणाला होतास तू? मला पुन्हा सांग."

मी सांगितलं. सासू. बाळंत. दर्शन. इतक्या शांत अंगणात ते शब्द फार घाणेरडे वाटले.

"तू पाऊल बघितलं होतंस?"

"बघितलं होतं."

"पिल्लाचं पण?"

"हो."

एक मत्स्यगरुड ओरडून गेला. मग बाबा म्हणाले, "आते-मामेभाऊ एकमेकांशी खरं बोलतात का रे कधी?"

मी म्हणालो, "नाही."

"मग?"

"मग" एवढंच. मी उभा होतो. मग त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं माझ्यासाठी, पण ते काठी शोधत होते. मी काठी हातात दिली. ते आत गेले.

१४ सप्टेंबर

आज मी पहिली बोट चालवली!

दुसरं कोण आहे? कूबस म्हणाला, पाहुणे थांबलेत, मांगूर थांबत नाहीत. बाबा न बोलता पुढच्या फळीवर येऊन बसले. माझ्या पुढे! त्यांची पाठ माझ्यासमोर. सदऱ्याला खांद्यापाशी ठिगळ आहे, ते आजवर कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. निळ्या सदऱ्याला तपकिरी ठिगळ.

त्यांनी हात केला, मी इंजिन बंद केलं. "ऐक," म्हणाले. मी ऐकलं. काही नाही. "वाऱ्याच्या खाली ऐक. वारा वर असतो." पुन्हा ऐकलं. आणि आलं! अगदी बारीक, कुणीतरी लांब ओल्या कपड्यावर थाप मारावी तसं. मी म्हणालो, "उजवीकडं!" बाबा म्हणाले, "हं."

हं! फक्त हं. पण मी दिवसभर उडत होतो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दारात उभा होतो ते हे. मी खूश होतो. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. संध्याकाळी बोट बांधताना पाण्यात दिशोची एक चप्पल सापडली, गाळात रुतलेली, धक्क्याच्या खांबापाशी. ती घरी नेली नाही. तिथंच खांबावर ठेवली. रात्री बघितलं तर कुणीतरी नेली होती.

१७ सप्टेंबर

काहीच ऐकू आलं नाही. बाबांना आलं. सांगितलं नाही, मला ऐकू येईल म्हणून थांबले. पाहुणे कंटाळले. एक म्हणाला, मागच्या वर्षीचा तो उंच मुलगा कुठंय? तो हसवायचा.

२८ सप्टेंबर

आई आणि बोनोलो माउनला जाऊन आल्या. मी गेलो नाही. बोटीचं काम होतं. (काम नव्हतं.)

"कसा आहे?"

"वाळलाय," आई म्हणाली. "पण नर्सांना हसवतो. अर्ध्या किमतीत चपला मिळतील म्हणे आता. सगळा वॉर्ड त्याच्याभोवती."

म्हटलं ना, तिथंही तेच.

"माझ्याबद्दल काही?"

बोनोलोने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नाही बाबा. तुझं नाव निघालं नाही." मग पातेलं घासत बसली. ते पालथं घालताना आपल्याशीच बोलली, "मला नेहमी सासूबाई म्हणायचा मेला. या वेळी मामी म्हणाला."

४ ऑक्टोबर

बोनोलो हल्ली माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. आज विचारलं, काय झालं तुला? म्हणाली, "तू त्या रात्री घरी आल्यावर मला का नाही सांगितलंस, आत मादी आहे म्हणून? माझ्याशी काय थट्टेचं नातं आहे तुझं?"

मला उत्तर सुचलं नाही. अंथरुणावर पडल्यावरही सुचलं नाही.

१९ ऑक्टोबर

दिशो आला. कुबड्यांवर.

सगळं गाव धक्क्यावर. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी गर्दीच्या मागे. तो प्रत्येकाची उडवत पुढं येत होता — कूबसला म्हणाला, "पाय तुझ्या नदीत राहिला, भाडं लावणार का?" बाबांच्या गळ्यात पडला. बाबा रडले. बाबांना रडताना मी कधी बघितलं नाही. माझ्यासाठी रडतील का कधी? — हेच आलं मनात, दुसरं काही नाही! काय करू मी या मनाचं?

मग तो माझ्यापाशी आला. मी तयारच होतो; माझ्यावर चांगलीच उडवणार, उडवू दे, सगळं ऐकून घेईन, उलट एक बोलेन, मग तो एक बोलेल, मग होईल सगळं पहिल्यासारखं. त्याने माझ्याकडे बघितलं. मान हलवली, जशी अनोळखी पाहुण्याला हलवतात. आणि पुढं गेला.

थकला असेल. प्रवास लांबचा.

२७ ऑक्टोबर

मांगूर गेले. नदी गप्प झाली.

बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पहिली बोट मुशोंगोची. माझी! लोक कुजबुजले. मुलाला? असं कसं? बाबांनी हात वर केला. म्हणाले, "दिशोचं होतं ते. मी त्याला दिलं होतं, आणि दिलेलं त्याचंच. त्याने ते याला दिलं. मला विचारू नका, त्याला विचारा."

सगळे दिशोकडे वळले. तो म्हणाला, "एक पाय नसलेला माणूस बोटीत तोल कसा सांभाळेल? कुणाला तरी द्यायचीच आहे. त्याला हवी होती."

त्याला हवी होती. यात काय वाईट आहे? चांगलंच बोलला की. मग मला का वाटलं की सगळ्यांनी तिथून निघून जावं, मी पण?

बाबांच्या पाया पडायला गेलो. ते म्हणाले, "माझ्या कशाला? मी नाही दिली तुला."

३१ ऑक्टोबर

दिशोच्या झोपडीवर गेलो. माझ्याकडून एक थट्टा तयार करून नेली होती, जाताना घोकत होतो. "काय रे लंगड्या, माझ्या बहिणीला आता कुबडीवर नाचवणार का?" दारात म्हटली. आवाज नीट निघाला नाही, तरी म्हटली.

तो कुबडीचं रबर बसवत होता. हसला नाही, चिडलाही नाही. चिडला असता तरी चाललं असतं! आत्याला हाक मारली — "आई, पाहुणे आलेत. पाणी आण."

आत्याने पाणी आणलं. मी प्यायलो. आणि परत आलो.

३ नोव्हेंबर

आज हंगामाचे शेवटचे पाहुणे. हत्ती आणि पक्षी बघायला. पहिल्यांदाच पहिली बोट माझी म्हणून निघाली.

दिशो धक्क्यावर आला. सगळे थांबले, बोनोलोसुद्धा भांडी टाकून आली — आता हा काहीतरी बोलणार, आणि सगळं सुटणार. मीही थांबलो. त्याने वाकून, कुबडी काखेत दाबून, बोटीची दोरी सोडली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "सावकाश जा तुम्ही. पाणी उतरलंय. मोठ्या वळणाला उजवीकडून जाऊ नका, तिथं गाळ साचलाय. वरून दिसत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं."

कुणी हसलं नाही. मी "बरं" म्हणालो.

उजवीकडे गाळ होता.